डिझाइनला जायचंय, मग अकरावीला काय घेऊ?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. दहावीला ७६ टक्के मिळाले. गणितात ५८, विज्ञानात ६७. बारावीनंतर मला डिझाइनची पदवी करायची आहे, प्रॉडक्ट की ग्राफिक हे अजून नक्की नाही. बाबा म्हणतात, सायन्स घे, उद्या मन बदललं तर वाट मोकळी राहील. चित्रकलेचे सर म्हणतात, आर्ट्स घे आणि चित्रकला हा विषय असलेली हायर सेकंडरी बघ. तशी एक पणजीकडे आहे, पण जाऊन-येऊन अडीच तास बसमध्येच जातात. मावशीच्या मते कॉमर्स बरं, डोक्याला ताप नाही. गणित सोडलं तर चालेल का? आणि ड्रॉइंगचा टॅब आत्ताच घ्यायला हवा का?
– एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : तिघांचं ऐकून तू शाखेच्या नावावर अडकली आहेस. तुला खरं ठरवायचं आहे ते दोनच गोष्टींचं : गणित ठेवायचं की नाही, आणि रोज हात चालवायला तुझ्याकडे किती वेळ उरणार. या दोन्हींची उत्तरं मिळाली की शाखा आपोआप ठरते.

आधी गणित. बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, मुलं ज्या तीन मोठ्या प्रवेश परीक्षा देतात, त्या म्हणजे एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, आयआयटी मुंबई घेते ती युसीड आणि निफ्ट या फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा. तिन्हींना सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा कुठल्याही शाखेच्या मुलांना बसता येतं. एनआयडीचं बी.डेस. अहमदाबादखेरीज आंध्र प्रदेश, हरयाणा, मध्य प्रदेश आणि आसाममधल्या संस्थांतही आहे. युसीडमधून मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, इंदूर, रुरकी इथल्या आयआयटी आणि जबलपूरची ट्रिपलआयटी यांची दारं उघडतात. म्हणजे सायन्स घेतलं नाही तर डिझाइन संपलं, ही समजूत सोडून दे.

तरी बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गणित सोडलं की काही दारं खरोखरच बंद होतात, आणि ती नेमकी कोणती हे माहीत असायला हवं. पहिलं आर्किटेक्चर. पणजीत आल्तिनोवर आर्किटेक्चरचं सरकारी कॉलेज आहे. तिथलंच नव्हे, देशातलं कुठलंही बी.आर्क. करायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय लागतातच, शिवाय नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. दुसरं निफ्टचं बी.एफ.टेक., म्हणजे कपड्यांच्या उत्पादनाचं तंत्रज्ञान. त्यालाही गणित लागतं. तिसरं इंजिनियरिंग, ते सांगायला नकोच. प्रॉडक्ट, ग्राफिक, टेक्स्टाइल, अ‍ॅनिमेशन, फर्निचर यांपैकी कशातही शिरायचं असेल तर बारावीचं गणित ही सरसकट अट नाही. मात्र युसीडच्या माहितीपत्रकात प्रत्येक संस्थेच्या बारावीविषयीच्या अटी वेगवेगळ्या दिलेल्या असतात. गेल्या वर्षीचं माहितीपत्रक उतरवून घे, तुला आवडणाऱ्या संस्थांच्या अटी वहीत लिही आणि ती वही बाबांपुढे ठेव. त्या यादीत एका जरी ठिकाणी गणित मागितलं असेल आणि ते ठिकाण तुला मनापासून हवं असेल, तर गणित ठेवायचं. नसेल, तर ‘असू दे, कधी कामाला येईल’ म्हणून दोन वर्षं फॉर्म्युले घोकण्यात अर्थ नाही.

आर्किटेक्चर तुला हवं आहे का, हे पत्रावरून कळत नाही. ते फॉर्म भरण्याआधी ठरव. कळत नसेल तर पणजीला जाशील तेव्हा कांपालला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी तासभर बघून ये. इमारतीत माणसं कुठून आत येतात, सावली कुठे पडते, बाहेरचं संपून आतलं कुठे सुरू होतं, हे बघत राहावंसं वाटलं तर आर्किटेक्चरचा विचार खराच कर. तुझं लक्ष व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी तिथल्या भिंतींवर रंगवलेल्या माणसांकडेच जात राहिलं, तर तुझा ओढा ग्राफिककडे आहे असं समज. ही काही परीक्षा नव्हे, पण शाखा निवडताना मावशीच्या मतापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता वेळेचं गणित. याकडे बहुतेक घरांत कुणी बघत नाही, आणि मुलं अडकतात ती इथेच. २०२५ च्या तारखा घे. एनआयडीची पहिली फेरी ५ जानेवारीला झाली, युसीड १९ जानेवारीला, निफ्ट ९ फेब्रुवारीला. आणि गोवा बोर्डाची बारावीची परीक्षा सुरू झाली १० फेब्रुवारीला. निफ्टच्या दुसऱ्या दिवशी! तारखा दर वर्षी थोड्या मागेपुढे होतात, पण हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास एकमेकांवर चढतं. दुसऱ्या काही राज्यांतल्या मुलांना निफ्टनंतर बोर्डासाठी थोडी उसंत मिळते, आपल्याकडे तीही नाही. त्यात सायन्सला प्रॅक्टिकल, जर्नलं, सह्या यांचाही तोच हंगाम. म्हणून बारावीतली डिझाइनची तयारी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उरकलेली असावी लागते, आणि त्यासाठी अकरावीचं वर्ष वाया घालवून चालत नाही. ‘अकरावी आराम, बारावीत बघू’ हे इथे साफ फसतं.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांग. या तिन्ही परीक्षांच्या गुणवत्ता यादीत बारावीचे टक्के मिळवले जात नाहीत. बारावी पास व्हावी लागते, पण ९० पडले म्हणून वरचा नंबर लागत नाही आणि ६५ पडले म्हणून खालचा लागत नाही. उलट एखाद्या विषयात नापास झालीस तर हातात आलेली जागा जाते. म्हणून तुझ्यासाठी बारावीचे विषय असे हवेत : पास होण्याची धास्ती नको, आणि रोज संध्याकाळचा एक तास मोकळा राहावा. युसीड तर फक्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. बारावीच्या वर्षी दिलीस तर पुढचं एकच वर्ष हातात राहतं.

सायन्सचं आधी. भौतिकशास्त्र, रसायन, गणित या गटाचा डिझाइनला उपयोग नाही असं मुळीच नाही. प्रॉडक्ट डिझाइनमध्ये खुर्ची का कलंडते, झाकण का अडकतं, स्प्रिंग किती ताण घेते, हे सगळं भौतिकशास्त्र आहे. रंगाई आणि कापडाकडे जाणाऱ्यांना रसायन कामाला येतं. पण प्रवेश परीक्षेत जे विज्ञान विचारतात ते दहावीच्या आसपासचं असतं : दात्यांची चाकं एकमेकांत अडकली तर तिसरं कुठल्या दिशेने फिरेल, पाण्यात बुडवलेला दगड वर काढला की भांड्यातली पातळी किती खाली जाईल, आरशात घड्याळात किती वाजलेले दिसतील. इंटिग्रेशन कुणी विचारत नाही. आणि एनसीईआरटीच्या बारावीच्या गणितात कॅल्क्युलसच सगळ्यात जास्त जागा आणि वेळ खातं.

दहावीला गणितात ५८ म्हणजे सायन्स झेपणार नाही, असं आम्ही म्हणत नाही. पण अंदाजावर जाऊ नकोस, घरीच चाचणी घे. अकरावीचं एनसीईआरटीचं गणिताचं आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक कुणाकडून तरी आण. पीडीएफ फुकट मिळते. दहा दिवस, रोज दीड तास. गणितात त्रिकोणमितीच्या फलनांचा धडा, भौतिकशास्त्रात सरळ रेषेतली गती. धडा वाच, सोडवून दाखवलेली उदाहरणं बघ, मग स्वाध्यायातली वीस गणितं कुणालाही न विचारता सोडव. बारा-तेरा जमली आणि कंटाळा आला नाही, तर सायन्स घ्यायला हरकत नाही. पाच-सहावर अडकलीस, तर पुढची दोन वर्षं तुझी संध्याकाळ ट्यूशनमध्ये जाणार आणि पेन्सिल कंपासपेटीतच राहणार. आणि सायन्स घेतलंसच, तर त्याला जोडून जेईईचं दोन वर्षांचं पॅकेज घेऊ नकोस. त्याचे तास असे असतात की डिझाइनची तयारी रविवारवर ढकलली जाते, आणि रविवारी टेस्ट असते!

आर्ट्सबद्दल आपल्याकडे अजून नाक मुरडतात, पण ग्राफिक, कम्युनिकेशन, अ‍ॅनिमेशन, टेक्स्टाइल, वापरणाऱ्याच्या अनुभवाचं डिझाइन याकडे जाणाऱ्या मुलीसाठी ही शाखा चांगली आहे. विषय मात्र विचार करून घे, ‘सोपे’ म्हणून नको. मानसशास्त्र मिळत असेल तर पहिलं तेच घे. माणूस काय बघतो, काय विसरतो, कुठे चुकतो, हा डिझाइनचा अर्धा धंदा आहे. समाजशास्त्र किंवा इतिहास यांपैकी एक. भूगोल घेतलास तर नकाशे आणि आकृत्या काढण्याची सवय लागते, युसीडमधल्या पर्यावरण आणि समाजाच्या प्रश्नांनाही आधार मिळतो. उरलेल्या जागी अर्थशास्त्र. आर्ट्सबरोबर गणित घेता येईल का, हे शाळेत सरळ विचार. काही ठिकाणी वेळापत्रकात बसतं, काही ठिकाणी बसत नाही. दुसरी भाषा कोणती, यावरून फार डोकं खाजवू नकोस. फ्रेंचला गुण पडतात म्हणून मुलं तिकडे पळतात. तुझं मराठी वाचन चांगलं असेल तर मराठी घे आणि वाचलेला वेळ चित्राला दे.

कॉमर्समध्ये वाईट काही नाही. हिशेब कळणारा डिझायनर पुढे सुखी असतो. पण डोक्याला ताप नाही हे मावशीचं कारण पुरेसं नाही. अकाउंट्स आवडत असेल तरच घे.

आता चित्रकला विषय आणि पणजीचा प्रवास. इथे आमचं सरांशी जमत नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या विषयात स्थिरचित्र, रंगसंगती, रचना हे पक्कं होतं, हे खरं. सीबीएसईच्या पेंटिंगमध्ये ७० गुण प्रात्यक्षिकाला आणि ३० लेखी पेपरला असतात, आणि लेखीत राजस्थानी, पहाडी, मुघल शैलींपासून बंगाल स्कूलपर्यंतचा इतिहास येतो. तो आवडीचा असेल तर सोनंच. पण डिझाइनच्या परीक्षेत सुंदर चित्र मागत नाहीत. डोक्यातली कल्पना दुसऱ्याला कळेल अशी भराभर कागदावर मांडता येते का, हे बघतात. त्यासाठी विषय हवाच असं नाही, रोजचा सराव हवा. आणि अडीच तासांचा प्रवास नेमका तोच सराव खातो. ही हायर सेकंडरी तुझ्या घराजवळ असती तर आम्हीही तीच घे म्हटलं असतं. पुढे आल्तिनोच्या गोवा कॉलेज ऑफ आर्टला पेंटिंग किंवा अप्लाइड आर्टला जायचा विचार असेल तर शाळेतल्या चित्रकलेचं वजन वाढतं. अप्लाइड आर्ट आणि ग्राफिक डिझाइन शेजारी-शेजारीच आहेत, तेव्हा हा पर्याय यादीतून खोडू नकोस. गोव्याबाहेरच्या वसतिगृहाचा खर्च वाचतो, ही काही लहान गोष्ट नाही.

त्या रोजच्या तासात काय करायचं? चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असशील तर स्थिरचित्र आणि स्मरणचित्र माहीत आहे. पण तिथे लागलेली एक सवय मोडावी लागेल : माड, झोपडी, डोंगरामागचा सूर्य. पाठ केलेलं चित्र तपासणारा लगेच ओळखतो.

डिचोलीला कुंभारकामाची परंपरा आहे, तेव्हा मातीचा एखादा माठ किंवा कुंडी तुझ्या घरात असेलच. ती जमिनीवर ठेव, समोर बस आणि ए-थ्री कागदावर २बी पेन्सिलीने काढ. बहुतेकांच्या तीन चुका होतात. तोंडाच्या लंबगोलाची दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार येतात. खरं तर ती कुठेच टोकदार नसतात, कड सलग वळते. दुसरी चूक, तोंड लंबगोल काढून तळ सरळ रेषेने संपवतात. वरून बघताना तळाची समोरची कडही वाकलेलीच दिसते, आणि ती तोंडापेक्षा जास्त वाकलेली दिसते, कारण वर्तुळ डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. माठ उचलून डोळ्यासमोर धर, तोंडाची नुसती रेघ होईल. खाली नेत जा, रेघ उघडत जाईल. तिसरी चूक, डावी-उजवी बाजू सारखी येत नाही. कागद उलटा करून बघ, किंवा आरशात दाखव, चूक लगेच दिसते. हे पंधरा-वीस मिनिटांत जमेपर्यंत शेडिंगला हात लावू नकोस. मुलं आकार चुकलेला असताना तासभर शेडिंग घासत बसतात आणि परीक्षेत वेळ संपतो. युसीडचा दुसरा भाग फक्त एका तासाचा आहे, त्यात एक रेखाटनाचा आणि एक डिझाइनच्या विचाराचा प्रश्न.

माठ जमला की तोच माठ हाताने उचलणारी बाई काढ. मग ती बाई पाठीमागून. मग पायरीवर बसलेली. माणसं आणि हात न काढता सुटणारी मुलं इथे मार खातात, कारण वस्तू कशी वापरली जाते हे हात दाखवल्याशिवाय सांगता येत नाही. आठवड्यातून दोन दिवस चित्र न काढता अडचण सोडव : पावसाळ्यात कदंब बसच्या गर्दीत ओली छत्री कुठे ठेवायची? एका पानावर सहा उपाय, प्रत्येकी दोन मिनिटं, वाईट सुचले तरी चालतील. मग त्यातला एक निवड आणि तो तीन बाजूंनी, मापांसकट, वापरणाऱ्या हातासकट काढ. बाजूला दोन ओळींत लिही, बाकीचे पाच का सोडले. बसने जाणं होईल तेव्हा हेच कर; रेखाटनाला धक्के बसतात, निरीक्षणाला बसत नाहीत.

डोळ्यासमोर वस्तू फिरवण्याचा सराव वेगळा लागतो, कारण युसीडच्या पहिल्या भागात असे प्रश्न पुष्कळ येतात. कागदाला दोन घड्या घालून कोपरा काप, उघडण्याआधी भोकं कुठे पडतील ते काढून ठेव, मग उघडून ताडून बघ. काकडी तिरकी कापली तर काप कसा दिसेल, खोक्याची घडी उलगडली तर कुठला चौकोन कुठे जाईल, हेही आधी कागदावर काढायचं आणि मग सुरी नाहीतर कात्री घ्यायची. हा पहिला भाग संगणकावर, दोन तासांचा आणि २०० गुणांचा आहे. दुसरा भाग १०० गुणांचा. पहिल्यात पुरेसे गुण पडले तरच दुसऱ्याचा कागद तपासला जातो. म्हणून नुसतं चित्र चांगलं असून भागत नाही. चार पर्यायांतला एकच बरोबर असतो त्या प्रश्नांना तीन गुण आहेत आणि चुकलं तर ०.७१ कापतात, तर आकडा लिहायच्या प्रश्नांना चुकलं तरी काही कापत नाहीत. तेव्हा आकड्याचा प्रश्न कोरा सोडायचा नाही.

निफ्टला सर्जनशील क्षमतेच्या पेपरचं वजन ५० टक्के, सामान्य क्षमतेचं ३० आणि सिच्युएशन टेस्टचं २० टक्के. सिच्युएशन टेस्टला दिलेल्या साहित्यातून वस्तू उभी करायची असते. तिथे फसणारे बहुतेक जण गोंद वाळायची वाट बघत बसलेले असतात. घरी दोरा, जाड कागद, खराट्याचे हीर आणि कात्री एवढ्यावर, गोंद न वापरता खाचा आणि गाठींनी उभं करायला शीक.

तर तुझ्यासाठी आमचा सल्ला असा. दहा दिवसांची चाचणी घे. आर्किटेक्चर खरंच हवं असेल आणि चाचणी बरी गेली, तर जवळच्या हायर सेकंडरीत सायन्स, भौतिकशास्त्र-रसायन-गणित. चौथा विषय मिळाला तर संगणक, कारण त्याला पाठांतर कमी. आर्किटेक्चर नको असेल, तर जवळच्याच हायर सेकंडरीत आर्ट्स, मानसशास्त्रासकट, आणि दहावीच्या गणित-विज्ञानाची पुस्तकं रद्दीत न घालता दर रविवारी तासभर उघडायची. आर्किटेक्चर हवं आहे आणि चाचणी वाईट गेली, असं झालं तर निर्णय सगळ्यात अवघड. तेव्हा सायन्स घे, पण गणिताची ट्यूशन पहिल्या महिन्यापासून लाव आणि चित्राचा तास अर्ध्यावर आण. दोन्ही पूर्ण करीन म्हणू नकोस. प्रवेश नक्की करण्याआधी शाळेच्या ऑफिसात तीन गोष्टी विचार : तुला हवे ते विषय एकत्र मिळतात का, शाळा किती वाजता सुटते, आणि बारावीची प्रॅक्टिकल्स कुठल्या आठवड्यात होतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागच्या वर्षीच्या मुलांकडूनही मिळेल.

टॅब आत्ता नको. या परीक्षांत रेखाटन कागदावरच करायचं असतं, आणि टॅबवर चुकलेली रेघ एका टिचकीत मागे घ्यायची सवय लागली की कागदावर हात अडखळतो. त्या पैशांत ए-थ्रीच्या वह्या, एचबी, २बी, ४बी पेन्सिली, एक काळं पेन आणि साधे रंगीत पेन्सिलींचे २४ रंग घे. उरलेले परीक्षांच्या फीसाठी ठेव, तिन्ही भरायला लागतात. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचं प्रवेश मिळाल्यावर बघता येईल. कुठला घ्यायचा ते कॉलेज सांगतं.